अकराचे तीन ग्लास

सोमवार, ३ मार्च

तिसरं कॉकटेल बिघडलं! शनिवारी इतकं जमलं होतं की मापं लगेच लिहून ठेवली होती — दोन माप जिन, एक माप लिंबू, पाऊण माप मधाचा पाक, काकडीचे सहा काप ठेचून, बर्फ, वीस वेळा हलवायचं, दोनदा गाळायचं. आज अगदी तेच केलं. तीच लिंबं, तोच मध, तोच हात. बाटली तेवढी नवी उघडली. पहिला घोट छान, आणि मग मागून काहीतरी येतं. कोपऱ्यात पडून राहिलेलं ओल्या पुठ्ठ्याचं खोकं — तसं.

दादाला हाक मारली. तो भट्टीवरून हात पुसत आला. ग्लास नाकाशी धरला. बराच वेळ धरला.

"मला तर काहीच वास येत नाही," म्हणाला.

"ओला पुठ्ठा नाही येत?"

"नाही गं."

दादाला येत नाही म्हणजे नसणारच. त्याच्या नाकावर हा जिनचा कारखाना उभा आहे! मग बिघडलंय कोण? पेय की मी?

मंगळवार, ४ मार्च

सगळं क्रमाने लिहून काढते, म्हणजे डोकं ताळ्यावर येईल.

जानेवारीत मला ताप आला. नऊ दिवस. दादा चार दिवस माझ्या खोलीवर येऊन राहिला, औषधपाणी केलं, आणि घरी परतल्यावर स्वतः तापला. माझा ताप गेला, पण जाताना जीभ घेऊन गेला. कॉफी म्हणजे गरम पाणी, सफरचंद म्हणजे ओलं लाकूड. हळूहळू परत आलं सगळं — म्हणजे मला तसं वाटलं. कामावर गेले, तर हॉटेलातल्या एका जुन्या गिऱ्हाइकाने ग्लास परत पाठवला. चार दिवसांनी दुसऱ्याने. बावीस वर्षं बारमागे उभी आहे, माझा ग्लास कधी परत आला नव्हता! मॅनेजर फार गोड बोलला. "थोडी विश्रांती घ्या." विश्रांती म्हणजे काय, ते कळण्याइतकी जीभ शाबूत होती.

मग दादाचा फोन. "इकडे ये, धाकटे. पुढची खोली उघडतोय. लोक येतील, बसतील, आपली जिन चाखतील. मला पाच कॉकटेल बांधून दे." उद्घाटन एकोणतीसला. यादी छापखान्यात एकवीसला जायची.

हे पाच जमले, तर मी अजून कामाची आहे. नाही जमले तर दुसरं काही मला येत नाही. एवढाच प्रश्न आहे.

आज दादाने नवीनच काढलं. त्याची एक पद्धत आहे — भट्टीतून जे गळतं ते एका भांड्यात धरत नाही, ओळीने बरण्यांत धरतो. बरण्यांवर खडूने आकडे. लोक 'पहिल्या धारेची' म्हणून मिशीला पीळ देतात. दादा पहिली धार काचा पुसायला ठेवतो. "ती प्यायली तर आरशात मिशी दिसायचीच नाही!" मधली धार ठेवायची, शेवटची पुढच्या खेपेला पुन्हा भट्टीत. मधली कुठे संपली, हे घड्याळ सांगत नाही, काटा सांगत नाही. नाक सांगतं. बरण्या रात्रभर फडकं बांधून ठेवायच्या आणि सकाळी अकराला, नाक ताजं असताना, कुठे कापायचं ते ठरवायचं.

तर आज अकराला त्याने माझ्यापुढे तीन ग्लास मांडले. पाणी घालून सौम्य केलेले, दोन-दोन बोटं.

"दोघांत आठवी बरणी, एकात तेरावी. तेरावी कुठली ते ओळख. प्यायचं नाही, फक्त वास."

"माझी परीक्षा घेतोस?"

"तालीम समज. आजारपणानंतर नाकाला तालीम हवी."

तिन्ही तीनतीनदा हुंगले. उजव्यात कुठेतरी, अगदी तळाशी, कालचा पुठ्ठा. की मला भास?

"उजवा," भीत भीत म्हटलं.

"बरोबर." आणि मागे वळूनही न बघता भट्टीकडे गेला.

बरोबर! मग काल त्याला का नाही आला?

बुधवार, ५ मार्च

लिंबं बदलली. फरक नाही.

गुरुवार, ६ मार्च

मध बदलला. बर्फ उकळलेल्या पाण्याचा केला. फरक नाही. उद्या काय बदलू — माझं डोकं?

शुक्रवार, ७ मार्च

दूध करपलं. मी पुढच्या खोलीत स्टुलं पुसत होते, तिथवर वास आला. धावत गेले, तर दादा शेगडीपासून दोन हातांवर बसून बुचं निवडतोय आणि पातेल्यातून धूर निघतोय!

वहिनी पाठोपाठ आली. "अहो! नाकाला कुलूप लावलंय का? किल्ली द्या, मी उघडते!"

"विचारात होतो," दादा म्हणाला.

"विचारात! वन्सं, ह्यांचे विचार एकदा ऐका, मग करपलेलं दूध गोड लागेल तुम्हाला."

वहिनी चिडली किंवा लाडात आली की मी 'वन्सं' आणि 'तुम्ही'. एरवी नुसती 'तू'.

शनिवार, ८ मार्च

जमलं!! नवीन खेप काल बाटल्यांत भरली, आज पहिली बाटली उघडली — तिसरं गेल्या शनिवारच्यासारखं. नाही, शनिवारपेक्षा वरचढ. काकडी थंड, मध मागे, आणि सगळ्यांत शेवटी धन्याचा नि संत्र्याच्या सालीचा वास — स्वच्छ, धुतलेल्या फरशीसारखा. मी काय बदललं? काही नाही! मग काय झालं? काही का होईना.

वहिनीला बोट बुडवून चाखायला लावलं. ती पीत नाही. "फिनेलपेक्षा बरं आहे," म्हणाली. म्हणजे पसंत! नावं मात्र तीच ठेवते. पहिलं उंच ग्लासातलं — 'पाहुणा', कारण आला की लवकर संपत नाही. दुसरं आल्याचं — 'जाऊबाई'. आधी गोड, मग घशाशी आल्यावर कळतं. चौथं, पाचवं झालं. तिसऱ्याला नाव सुचेना. "त्याच्यात काही खोडच नाही," म्हणाली, "नाव कशावरून ठेवू?"

खरंच. चार वस्तू आहेत, लपायला जागाच नाही. म्हणून तर तेच माझं आवडतं.

सोमवार, १० मार्च

आज चूक केली. पाकासाठी सकाळी तासभर आलं किसत बसले. अकराच्या आधी उग्र काही हातात घ्यायचं नाही, हे कुणाला सांगायचं — मला! तीन ग्लास समोर, आणि तिन्हींत आलं. सांगावंसं वाटलं, "दादा, आज नाही जमणार." पण तो माझ्या तोंडाकडे असा बघत होता — डॉक्टर आत गेल्यावर बाहेर बाकावर बसलेली माणसं दाराकडे बघतात ना, तसा. माझी एवढी काळजी! लाज वाटली.

"मधला," ठोकून दिलं.

"बरोबर."

देव पावला म्हणायचं.

गुरुवार, १३ मार्च

पुन्हा पुठ्ठा! आज नवीन खेपेची बाटली उघडली आणि तिसरं मेलं. पहिल्या-दुसऱ्यात लपतं, आलं आणि सोडा पांघरूण घालतात. तिसऱ्यात उघडं.

काही म्हणजे काही कळत नाही. परीक्षेत मी पास होते. पास होते म्हणजे नाक ठीक आहे. नाक ठीक असेल तर पुठ्ठा खरा आहे. पुठ्ठा खरा असेल तर दादाला यायला हवा. दादाला येत नाही म्हणजे पुठ्ठा खोटा. म्हणजे नाक बिघडलंय. मग पास कशी होते? दिवसभर हेच घाण्याला जुंपलं डोकं.

छापखान्यातून फोन. "मॅडम, चारच छापू का? पान मोकळं दिसणार नाही, एखादी वेलबुट्टी टाकतो." माझ्या जागी वेलबुट्टी!

शनिवार, १५ मार्च

हे नीट लिहिते.

आज आलं नाही, कांदा नाही, साबणसुद्धा बिनवासाचा. अकराला बसले. डावा ग्लास उचलला आणि खात्री पटली — ओला पुठ्ठा. ढळढळीत! मधला स्वच्छ, उजवा स्वच्छ. एखादं लहान मूलही सांगेल.

आणि सोमवारची गोष्ट मनात आली. सोमवारी मी ठोकून दिलं होतं. तीनातून एक, लागलं असेल. पण लागलं होतं का?

"मधला," म्हटलं. सरळ सरळ खोटं.

दादाने डोळे मिटून मान हलवली. "बरोबर."

बरोबर?! ग्लास त्याने स्वतः भरले. तेरावी डावीकडे आहे हे त्याला पक्कं ठाऊक. आणि तरी — बरोबर!

ग्लास त्याने धुतले, एकेक, पालथे घातले.

रविवार, १६ मार्च

रात्रभर विचार केला आणि एकच अर्थ लागतो. तो मला गोंजारतोय. बहीण आजारातून उठली, नोकरी गेली, आता तिला नापास कसं करायचं? म्हणून सगळंच बरोबर. पाच कॉकटेलचं कामसुद्धा तसंच असेल. मुलांना लाटायला कणकेचा गोळा देतात, तसं. कणकेचा गोळा!

पण मग शनिवारी डाव्यात पुठ्ठा मला आला, तो?

वहिनीला विचारलं. ती लेबलं लावत होती, पट्टीने मापून, एकसुद्धा केसभर वाकडं नाही.

"वहिनी, दादा मला फसवतोय का?"

"हे? ह्यांना स्वतःची चप्पल सापडत नाही, दुसऱ्याला काय फसवतील!"

"हल्ली वेगळा वागतो, असं नाही वाटत?"

"वाटतं ना. सुधारलेत! चोवीस वर्षं ताटावर बसले की आधी वास घ्यायचे आणि मग नावं ठेवायचे. फोडणी कमी, तेल जुनं, तांदूळ मागचाच बरा. दीड महिना झाला, चकार शब्द नाही. वाढलं की मुकाट जेवतात. परवा मीठच विसरले मी, तर म्हणे, मीठ जरा कमी आहे का? जरा! मी म्हटलं, ताप आला तो लाभला."

मी हसले. तिने आणखी एक लेबल लावलं. मला कुठेतरी काहीतरी खटकलं, पण काय ते हाती लागेना.

मंगळवार, १८ मार्च

नववी खेप भरली. दोनशे बाटल्या, सगळ्या उद्घाटनासाठी. एक उघडली. तिसरं कशाला, नुसतं बूच काढलं आणि कळलं. हे मला वाटतंय की आहे?

ठरवलं. उद्या छापखान्याला चार कळवते आणि परवा निघते. वेलबुट्टी तर वेलबुट्टी.

बुधवार, १९ मार्च

निघाले नाही.

आवराआवर करताना रिकाम्या बाटल्या खोक्यात भरत होते. वहिनी लेबलाच्या कोपऱ्यात खेपेचा आकडा घालते, बारीक. कधी लक्षच दिलं नव्हतं! पहिल्या शनिवारची बाटली — खेप पाच. सोमवारी बिघडली ती — सहा. आठ तारखेची छान — सात. तेराची वाईट — आठ. कालची — नऊ.

म्हणजे पेय नाही बदलत, मी नाही बदलत. जिन बदलते!

भट्टीजवळ दादाची पाटी आहे. कुठल्या बरणीपर्यंतचं ठेवलं, ते खेपेगणिक खडूने लिहितो. पाचव्या खेपेपर्यंत — बारा, बारा, तेरा, बारा, बारा. सातवी — बारा. आठवी — पंधरा. नववी — पंधरा.

मग ही वही उघडली. चार तारखेला मी खरं सांगितलं — सातवी खेप, बारापर्यंत. दहाला ठोकून दिलं — आठवी, पंधरा. पंधराला मुद्दाम खोटं सांगितलं — नववी, पंधरा.

तीनदा वाचलं. परीक्षा नव्हतीच ती! तेरावी बरणी मी ओळखली, की तो ती बाहेर ठेवतो. मी चुकले, म्हणजे वास लागत नाही असं धरून ती आत घेतो, तिच्यापुढच्या दोनही घेतो. माझ्या उत्तरावर कापत होता तो! आणि मी — एकदा लाजेखातर थाप मारली, एकदा त्याला पकडायला. दोनशे बाटल्या पुठ्ठा मी घातला. मी!

नाक माझं ठीक आहे. आज कागदावर दिसतंय, ठीक आहे. एवढ्यासाठी तडफडत होते आणि आता कळलं, तर आनंद करायला जीव होईना.

कारण पाटीवर सहावीही आहे. सहावी फेब्रुवारीतली, मी यायच्या आधीची. तिच्यापुढे लिहिलंय — सोळा. तिथे तर मला कुणी विचारलं नव्हतं. ती त्याची एकट्याची.

ज्याचं नाक सगळे मानतात, तो मला का विचारतोय? आणि विचारायचंच तर सरळ का नाही विचारत? एक विचार आला. लिहीत नाही.

गुरुवार, २० मार्च

सकाळी दादाला गाठलं. "नववी खेप बाहेर पाठवू नकोस. आठवीही नको, सहावीही नको. पुन्हा भट्टीत घाल."

मी भांडणाची तयारी करून गेले होते. हा माणूस, बूच कुठल्या झाडाचं घ्यायचं यावर तीन दिवस भांडलेला! म्हणाला, "ठीक."

"का, ते नाही विचारणार?"

"तू म्हणतेस ना."

"एकदा वास तरी घे. मग ठरव."

"कशाला? तू घेतलायस." आणि बरण्या धुवायला लागला. धुतलेल्याच होत्या.

पंधरा तारखेला मी मुद्दाम चुकीचं सांगितलं, हे मात्र सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर त्यालाही काहीतरी सांगावं लागलं असतं.

वहिनीने घर डोक्यावर घेतलं. "दोनशे लेबलं, वन्सं! दोनशे! पट्टी लावून! ह्यांना काय, हे ओततील परत त्या हंड्यात. लेबलं काय उकडून लावू?"

"मी लावते, वहिनी."

"तुम्ही? तुमच्या हातून सरळ लागतील?"

दोघींनी मिळून संध्याकाळपर्यंत बुचं काढली. ती बडबडत होती, मी ऐकत होते. मध्येच थांबून म्हणाली, "एक खरं सांग. ह्यांनी चुकीचं केलं का काही?"

"नाही," म्हटलं. "माझंच चुकलं."

नवी खेप उद्या-परवा लावली तरी सव्वीसपर्यंत भरून होईल. एकोणतीस गाठता येईल. छापखान्याला कळवलं — पाचच. वेलबुट्टी नको.

शुक्रवार, २१ मार्च

अकराला आज ग्लास मी मांडले. "दर वेळी मीच का? आज तू ओळख." तिन्हींत नळाचं पाणी.

दादाने एकेक उचलला. डोळे मिटले, वास घेतला. पुन्हा घेतला. बाहेर वहिनी लेबलं मोजत होती, तिचा आवाज येत होता.

"डावा," तो म्हणाला. आणि डोळे उघडून माझ्याकडे बघत राहिला.

"बरोबर," मी म्हटलं.